मोगऱ्याचं पाणी

खालच्या मजल्यावरच्या अनसूयाबाई जिना चढून वर आल्या त्या हातात तांब्या घेऊन. दारातच त्यांनी तो पुढे धरला.

"पार्बताबाई, आधी वास घ्या. मग बोला."

चैत्रातली दुपार. नळ नुकताच गेला होता. कूलरची वाळ्याची ताटी ठिबकत होती आणि खालीवर सगळं घर पेंगत होतं. पार्बताबाई फरशीवर सुईदोरा घेऊन बसल्या होत्या, मांडीवर अर्धा गजरा. त्या उठल्या नाहीत. वलगावचा मळा थोरल्या मुलाच्या, गोवर्धनच्या हवाली करून अमरावतीत या माडीवर धाकट्याकडे आल्याला तीन वर्षं झाली, पण शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर त्यांनी पाय ठेवला नव्हता. ज्याले गरज तो येईल, असं त्यांचं उघड म्हणणं.

त्यांनी तांब्यावर नाक नेलं. मोगरा.

"तीन आठवडे झाले," अनसूयाबाई म्हणाल्या. "नळ जाता जाता शेवटचं पाणी येतं ना, ते असं येतं. हे दिवाळीपासून अंथरुणावर. घोटभर पाण्यासाठी किती विनवण्या करायचे मी! तोंडच मिटून घ्यायचे. आता स्वतःहून मागतात. म्हणतात, आईनं माठात मोगरा टाकला वाटतं. हसतात हो. ते पाणी मी वेगळं भरून ठेवते. यांना दुसरं देतच नाही." त्यांचा आवाज ओला झाला. "देवाचीच कृपा म्हणायची."

पार्बताबाईंची नजर मोरीकडे गेली. तिथे निळ्या टपात कळ्या तरंगत होत्या, सकाळच्या एसटीने मळ्यातून आलेल्या. नळाची रबरी नळी टपाच्या पार तळाशी खुपसलेली. वरून धार पडली की कळीला डाग पडतो, म्हणून नळी तळाशीच घालायची, हे त्या सासूकडून शिकल्या होत्या आणि सुनेला त्यांनी ओरडून ओरडून शिकवलं होतं. नळ होता तोवर टप काठोकाठ भरला होता. आता तो अर्धा होता. रोज अर्धा टप जातो कुठे, म्हणून तीन आठवडे त्या सुनेवरच तोंड टाकत होत्या.

खाली-वर पाइप एकच. नळ गेला की वरची तोटी उघडीच, नळी पाण्यात, आणि खाली अनसूयाबाईंची तोटी चालू. पाणी ज्या वाटेने चढलं त्याच वाटेने उतरत होतं. पार्बताबाईंना ती वाट दिसली. टपातून निघालेली, भिंतीच्या पोटातून निवांत खाली जाणारी, पांढऱ्या कळ्यांनी भरलेली, थेट एका म्हाताऱ्या माणसाच्या ओठांपर्यंत.

आणि मोगऱ्यावर गोवर्धन दर आठवड्याला किडीचं औषध मारत होता.

नळी गुपचूप बाहेर काढली असती तर कोणाला काही कळलं नसतं. देवाचा हात आखडला, एवढंच अनसूयाबाईंनी मानलं असतं. पार्बताबाईंनी तांब्या त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि मोरीत पालथा केला.

"अहो, हे काय करता?"

"देव कायचा वो बाई, माहा टप हाये तो. फवारणीच्या फुलायचं धुवण पाजून राहिल्या तुमी त्याईले. भरून ठेवलं तेबी फेका. आन आत्ताच्या आत्ता डॉक्टरले दाखवा. चूक माही हाये, कोणालेबी सांगा."

अनसूयाबाई मोरीकडे बघत राहिल्या. मग रिकामा तांब्या उचलून एकेक पायरी चाचपत खाली गेल्या.

डॉक्टर येऊन गेले. घाबरायचं कारण नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी देवमन प्लंबरने वरच्या पाइपात पितळी वॉल्व्ह बसवला.

"याच्यात झडप हाये, माय. पाणी वरतं येते. मांगं फिरलं का झडप पडते. थेंब खाली जाणार नाई. आन नळी पाण्यात बुडवत जाऊ नको."

"आता शिकवून राहिला मले," पार्बताबाई म्हणाल्या. पण नळी त्यांनी स्वतःच्या हाताने खुंटीला टांगली.

पुढच्या दुपारी नळ आला, गेला. कळ्यांचा टप भरलेलाच राहिला. कूलर ठिबकत होता. त्या ठिबकण्याच्या आडून खालून अनसूयाबाईंचा आवाज यायला लागला. घ्या ना हो. एक घोट. बरं, अर्धा. माझं ऐका. मग शांतता. मग पुन्हा तेच.

पार्बताबाईंची सुई थांबली. गच्चीवर तेलाच्या जुन्या डब्यात त्यांचं मोगऱ्याचं एक झाड होतं, घरच्या देवापुरतं. त्याला कधी औषधाचा थेंब लागला नव्हता. पाच कळ्या निघाल्या. त्या पदराच्या टोकाला बांधून पार्बताबाई जिना उतरल्या.

दारात त्यांना बघून अनसूयाबाईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "तुम्ही? खाली?"

"झडप पाण्याले बसवली वो. मले नाई. माठ कुठी हाये?"

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत कॉटवर अनसूयाबाईंचे यजमान, कमलाकांत गुरुजी, भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे मिटलेलेच. त्यांच्या नाकपुड्या किंचित हलल्या.

"आई आली वाटतं," ते म्हणाले.

अनसूयाबाईंनी तोंडाला पदर लावला. पार्बताबाईंनी पाची कळ्या माठात सोडल्या, त्या ओल्या होईपर्यंत थांबल्या आणि मग पेला बुडवला.

"आली," त्या म्हणाल्या. "पी आता."