फॉस्फेटच्या रस्त्यावरच्या खुणा
शहाण्णव साली शारजात आमच्या शेजारी ट्युनिशियाचे मोन्सेफ सर राहत. आपल्या खेड्यातल्या फॉस्फेट खाणीचा इतिहास ते लिहीत होते. त्यांच्या म्हाताऱ्या आईचं एकच म्हणणं, "महायुद्धात मी इंग्रजांची गुप्तहेर होते, तेही लिही." साक्षीदार कुणीच नाही, म्हणून सर हसून सोडून देत. एका संध्याकाळी पुण्याहून आलेल्या माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, घेऊन मी त्यांच्याकडे चहाला गेले. अप्पा महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत, सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होते. ट्युनिशिया म्हणताच ते सरसावून बसले. "अगं, तिथल्या एका फॉस्फेट खाणीच्या रस्त्यावर जर्मनांनी सुरुंग पेरले होते. पण आमच्या आधीच कुणीतरी दगडांच्या खुणा करून गेलं होतं. या अशा!" त्यांनी खजुराच्या तीन बिया टेबलावर ओळीत मांडल्या. मी ते इंग्रजीत सांगायच्या आतच कोपऱ्यात बसलेली म्हातारी बिया बघून ताडकन उठली. तिने आणखी एक बी उचलून ओळीच्या डाव्या अंगाला ठेवली. "बरोबर! चौथा दगड ज्या बाजूला, त्या बाजूने चालायचं!" अप्पा ओरडलेच. "सूनबाई, हिनेच केलं ते!" मी सांगितलं तसे सर आईकडे बघतच राहिले. "उम्मी, खरंच तू?" तिचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. अप्पांचा हात घट्ट धरून ती अरबीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती. "ती विचारतेय," सर म्हणाले, "तुम्ही सगळे पलीकडे पोचलात का?" मी मराठीत सांगितलं. अप्पांनी दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. "सांग तिला," ते म्हणाले, "एकूण एक पोचलो."