एका कातड्यामागे दोन घागरी

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराच्या दुष्काळात आमच्या गावाने दहा अर्ज केले, तरी टँकर आला नाही. आलं ते सरकारी प्रशिक्षण: घरच्या घरी शेळीचं कातडं कमवा, पाकिटं शिवा. कातडं भिजवायला प्रत्येक शिकणाऱ्याला रोज दोन घागरी पाणी!

पहिलं नाव लिहिलं किराणावाल्या गुरुपादप्पांनी. जन्मभर कातडी कमावणाऱ्या सटवाजीला ते पाणी द्यायचे ते लांबून, वरून, ओंजळीत. सटवाजीचं नाव मात्र प्रशिक्षणाच्या साहेबांनी खोडलं. "तुम्हाला येतंच की. हे न येणाऱ्यांसाठी आहे."

महिनाभर गावाने ते पाणी पिऊन टाकलं. मग साहेबांनी बजावलं, "पंधरा दिवसांत कमावलेलं कातडं दाखवा, नाहीतर पाणी बंद."

गुरुपादप्पा घागर घेऊन सटवाजीच्या अंगणाबाहेर उभे राहिले. "सटवाजी, माझं तेवढं एक कातडं कमावून दे बाबा. हे घे पाणी."

सटवाजी जागचा हलला नाही.



"आत या की अप्पा. रांजण घरात हाय. कातड्याला ओंजळभर पाणी पुरत न्हाई."