तांदूळ वाढले

ही २०६१ सालातली, दुष्काळातली गोष्ट. मिरजेत तेव्हा प्रत्येक घराच्या भिंतीत सरकारी कान बसवलेला असे. घरातलं बोलणं ऐकूनच तो रेशन ठरवायचा. एका सकाळी स्नेहलताईंनी डबा उघडला आणि खिडकीतून शेजारच्या वृषालीला हाक मारली, "अगं, तांदूळ वाढले गं आमचे!" दुपारी साठेबाजीच्या संशयावरून त्यांचं रेशन बंद झालं.

तपासाला आलेल्या कुरणे साहेबांनी रिकामा डबा पाहिला. स्नेहलताईंना अंगणात नेऊन ते हळूच म्हणाले, "माझी आजीही 'संपले' म्हणत नसे, अशुभ म्हणून. काकू, कानाला हे समजावून सांगा. असे आणखी शब्दही सांगा, रेशन आजच सुरू होईल."

स्नेहलताई आत आल्या. बांगडी वाढवणं, दिवा शांत करणं, आईकडून आलेलं सगळं ओठांवर होतं. कानाला न कळणारं घरात आता तेवढंच उरलं होतं.

"चुकून बोलले मी," त्या भिंतीला म्हणाल्या.

"काकू, खाल काय?" कुरणे साहेबांनी दारातून विचारलं.

"वृषाली आहे ना!"

वर्षभर रेशन बंद राहिलं, मग पुन्हा सुरू झालं. तोवर वृषालीने कुरकुरत का होईना, आपल्यातला तांदूळ दिला. कुरणे साहेब बदलून नागपूरला गेले; आजीचं बोलणं त्यांनी कुठेच नोंदवलं नाही. पुढे स्नेहलताई लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. निघताना दारात त्या "येते हं" म्हणाल्या होत्या. म्हणून कान अजून त्यांच्या नावचा तांदूळ मागवतो. तो वृषाली घेते.