होणारे सासरे आणि स्टेपनी

होणाऱ्या सासऱ्यांची अट एकच होती, जावयाला निदान गाडीचा टायर तरी बदलता आला पाहिजे. आणि त्यांच्यासोबत पहिल्यांदाच बाहेर पडलो तर नेमका टायर बसला. मी ऐटीत म्हटलं, "काका, तुम्ही आणि काकू समोर चहा घ्या, मी बघतो." मला तर पाना कुठल्या बाजूने फिरवायचा तेही माहीत नाही.

ते दोघं रस्ता ओलांडून गेले तशी त्यांची लेक म्हणाली, "सरक बाजूला." गाडीच्या आडोशाला बसून तिने नट ढिले केले, जॅक लावला, स्टेपनी चढवली. मी मध्येमध्ये उठून घाम पुसत होतो, समोरून दिसावं म्हणून. शेवटी तिने आपले काळे हात माझ्या शर्टाला पुसले. "आता शोभतोस जावई."

काका आले. टायरला एक लाथ घालून बघितली, मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जमलं की रे तुला. चल, आता पंक्चर काढून घेऊ." खांद्यावर हात टाकून त्यांनी मला जरा बाजूला नेलं आणि आवाज खाली आणला.



"पुढच्या वेळी थोडं काळं नाकालाही लाव. माझे सासरे यायच्या आत तुझ्या काकूने माझ्या नाकाला लावलं होतं."