कोरडी राख

थोरल्या नातीचं बारसं झालं, त्याच वर्षी साताऱ्यात जुन्या हत्यारांच्या हौशी मंडळींचा मेळावा भरला. आम्ही नवराबायको घरी बनवलेली म्हशीच्या शिंगाची दारूदाणी घेऊन गेलो. पूर्वी ठासणीच्या बंदुकीची दारू अशा शिंगात कोरडी राहायची. मेळाव्यात पारख एकच होती. शिंगात राख भरून तासभर पाण्यात बुडवायचं. राख भिजली की शिंग बाद.

सगळ्यांनी बुडाच्या लाकडी बुचाला लाखेचा लेप दिला होता. मी यांना देऊ दिला नव्हता. शिंग उकळून मऊ केलं आणि गरम असतानाच बूच ठोकलं. निवताना शिंगच लाकडाला आवळतं.

"मावशी, हे गळणार बघा," एक मिशीवाला हसला.

"तरी सांगत होतो," हे पुटपुटले. "चारचौघांत शोभा करणार तू."

तासाभराने शिंगं उघडली. मिशीवाल्याच्या शिंगातून चिखल पडला. आमची राख परीक्षकांनी तळहातावर घेऊन फुंकली, ती थेट त्याच्या मिशीवर जाऊन बसली. सारा मांडव हसला.

"वा, कारागीर! बूच कसं बसवलंत?" परीक्षकांनी यांना विचारलं.

"हिला विचारा," हे मोठ्यानं म्हणाले. "मी तर लाख लावायला निघालो होतो."

हे पुढच्या वर्षी चैत्रात वारले. त्यांचं ते "हिला विचारा" अजून कानात आहे.