जपानी व्हिलनचा राग

पंचाण्णव साली खाडीकाठच्या कोपर गावात नामाच्या घरी आम्ही व्हीसीआरवर जपानी कार्टून पिक्चर पाहिला. भाषा कुणालाच कळेना, म्हणून जहाजावर नोकरी करून आलेले त्याचे दामाजीकाका टीव्हीशेजारी बसून एकेक डायलॉग मराठीत सांगत होते. व्हिलनला अख्खं शहर बुडवायचं होतं, कारण शहरवाल्यांनी भराव टाकून त्याची खाडी बुजवलेली.

"काय व्हिलन लिहिलाय! बरोबरच आहे त्याचं," नामा म्हणाला.

"बरोबर आहे तर तो व्हिलन कसला? लिहिणाऱ्याला जमलाच नाही," मी म्हणालो. आमची बिल्डिंग कोपरच्या खाडीत टाकलेल्या भरावावरच उभी होती. त्यावरून आम्ही पंधरा दिवस एकमेकांशी बोललो नाही.

चार वर्षांनी तोच पिक्चर केबलवर हिंदीत लागला. त्यात खाडीचं नावसुद्धा नव्हतं. व्हिलन आपला उगाचच शहर बुडवत होता. मी तडक काकांना गाठलं.

"काका, तुम्हाला जपानी येतच नव्हतं ना?"

काका जराही ओशाळले नाहीत.



"नव्हतंच येत. पन त्याला बिचाऱ्याला कारनच नव्हता रं. माझेकडं व्हता, त्याला दिला."