पायऱ्या किती?

या, अशा जवळ सरकून बसा. एका सहीची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण घरी नेण्याजोगी आहे.

तर पेनाचं टोपण निघालं होतं. टेबलाच्या अलीकडे भिरभिऱ्या, पलीकडे मोठ्या कंपनीच्या मॅडम आणि मध्ये चाळीस पानांचा करार. भिरभिऱ्या हे त्याचं घरचं नाव. लहानपणापासून एका जागी बूड टेकत नाही म्हणून ताईने ठेवलेलं. बाहेर त्याला सगळे साहेब म्हणत. आधी त्याने प्रवाशांना लॉजच्या खोल्या शोधून देणारी वेबसाइट काढली, मग तिच्याच पुण्याईवर घरं दाखवणारी, भाड्याची आणि विकाऊ. दोन्ही चालल्या. चालल्या कसल्या, धावल्या! पण धाव आपल्या शहराच्या आसपासची. आज सही झाली की त्या देशभर जाणार होत्या. अठरा वर्षं तो हे एकच स्वप्न उशाशी घेऊन झोपत होता.

"नाव तुमचंच राहील, माणसं तुमचीच राहतील," मॅडम म्हणाल्या. करार पक्का करायचा अधिकार त्यांच्याच हाती होता. "फक्त पान एकोणीस. ती पायऱ्यांची ओळ तेवढी काढायची."

दोन्ही वेबसाइटवर प्रत्येक जागेखाली ती ओळ असे. 'पायऱ्या: तीन.' 'पायऱ्या: सव्वीस, जिना वळणाचा, कठडा हलतो.' फोटो नंतर, ओळ आधी. आणि ताईने स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय ती लागत नसे. मालकाने कितीही गयावया केली तरी नाही.

"मालक कुरकुरतात हो," मॅडम पुढे म्हणाल्या. " सव्वीस पायऱ्या वाचून कोण फिरकणार? खिडकीतून समुद्र दिसतो ते लिहा. पायऱ्यांचं काय, आल्यावर लोक चढतातच."

भिरभिऱ्याला ते पटलं. इतक्या माहितीतली एक ओळ. गेली तर काय आभाळ कोसळणार होतं? त्याने पान एकोणीस उघडलं.

शेजारच्या खोलीचं दार उघडंच होतं. तिथून ताईचा आवाज आला. देवाने तिला आवाज असा दिला होता की फोनच्या पलीकडचा माणूस आपोआप सावरून बसे.

"अहो काका, 'थोड्याशा' म्हणजे किती? आठवत नाही? मग उठा बघू. मी थांबते फोनवर. एकेक चढा आणि मोठ्याने मोजा... हं, चार. आणि उंबऱ्याची? तिने काय घोडं मारलंय? धरा तिलाही. झाल्या पाच!"

मॅडमना हसू फुटलं. "या कोण?"

"माझी ताई. निम्मी भागीदार. आमची एक सहल फसली होती. पुढची फसू नये म्हणून हिने लॉजवाल्यांना फोन लावायला घेतले. मनासारखी जागा सापडेपर्यंत तीनशे जागांची वही भरली. मी ती वही इंटरनेटवर टाकली. माझं कर्तृत्व तेवढंच."

"बाप रे! म्हणजे खूप फिरलेल्या दिसतात. उगाच नाही इतकं बारीक विचारत." मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मग त्यांचीही सही लागेल. तुम्ही इथे करा, उद्या त्यांना घेऊन आमच्या ऑफिसात या. आमच्या मोठ्या साहेबांसमोर त्या करतील."

भिरभिऱ्याचं पेन कागदाला टेकता टेकता थांबलं.

"येते की!" आतून ताई म्हणाली. "पण मॅडम, एक सांगा. तुमच्या ऑफिसला पायऱ्या किती?"

मॅडम हसल्या. मग आठवू लागल्या. नऊ वर्षं रोज चढत होत्या. पाच? दहा? दगडी होत्या, एवढं खात्रीने सांगता आलं असतं.

तेवढ्यात ताई दारातून आली. दोन्ही हातांनी चाकं फिरवत आली. तेव्हा कुठे मॅडमच्या लक्षात आलं, की इथल्या एकाही दाराला उंबरा नाही, दारं हातभर जास्तच रुंद आहेत आणि एवढा नावाजलेला माणूस अजून तळमजल्यावर बसतो.

"त्या सहलीत लॉजला बावीस निघाल्या," ताई म्हणाली. "आम्ही टॅक्सीतच डबा खाल्ला, काचेतून समुद्र पाहिला आणि परत आलो. हा पठ्ठ्या वाटभर रडला. मला त्याचे डोळे पुसता पुसता समुद्रही धड बघता आला नाही."

भिरभिऱ्याची मान खाली गेली. "ताई, मी ती ओळ काढायला निघालो होतो."

"ऐकलंय सगळं. पाय बसलेत माझे, कान नाहीत."

भिरभिऱ्याने पेनाला टोपण लावलं आणि मान वर केली. "मॅडम, ओळ राहील. चालत नसेल तर करार परत न्या."

मॅडमनी फोन काढला. आपल्या ऑफिसच्या वॉचमनला लावला. "काका, जरा बाहेर जा. एकेक चढा आणि मोठ्याने मोजा."

बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

"चौदा," शेवटी हळूच म्हणाल्या. मग टेबलावरचं पेन उचलून त्यांनीच पान एकोणीसवरच्या त्या अटीवर आडवी रेघ मारली.

सह्या दुसऱ्या दिवशी झाल्या, दोघा भावंडांच्या, त्याच टेबलावर. मोठे साहेब स्वतः इकडे आले. त्यांना यायला काहीच अडचण नव्हती.

बसा, उठू नका इतक्यात. तुमच्या दाराला पायऱ्या किती? बघा, नाही ना सांगता येत? आज घरी गेलात की एकेक चढा, मोठ्याने मोजा, आणि शेवटच्या पायरीवर आमच्या ताईची आठवण ठेवा.